पंचामृत आणि खलाशी

आमच्या घाटंजीला वाघाडी नावाची नदी आहे. पावसाळ्यात ती पुलाशी भांडते आणि उन्हाळ्यात मुलांना क्रिकेटसाठी पात्र मोकळे करून देते. म्हशी सोडल्या तर तिच्यात दुसरे काही तरंगताना निदान मी तरी पाहिलेले नाही. अशा गावातला मुलगा दर्यावर्दी व्हावा ही गोष्ट भूगोलाच्या विरुद्ध आहे. पण माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा झाला. जहाजावर इंजिनिअर आहे. गावात त्याला 'बोटीवरचा' म्हणतात आणि तो सुटीवर आला की लोक अजून विचारतात, ''काय बाबू, पोहता येते ना?''

गेल्या सुटीत तो घरी आला तो चार दिवसांसाठी. पाचव्या दिवशी कोर्स आहे, मेडिकल आहे असे सांगून मुंबईला जाऊन बसला. ताईच्या मनात पाल चुकचुकली. खलाशी बंदराला लागला की प्यायला बसतो, हे ज्ञान तिला हिंदी सिनेमाने दिलेले आहे.

''तू जाऊन पाहून ये बाप्पा एकदा,'' ती म्हणाली.

''काय पाहू?''

''काय करून राहिला तिथं ते. पितो का ते.''

बावीस वर्षे मी बँकेच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या शिलकेकडे पाहण्यात घालवली आहेत. तेव्हा पाहणी करणे हे आपल्या भावाचे काम, असा तिचा समज असल्यास त्यात नवल नाही. मीही रजेचा अर्ज टाकला.

आता इन्स्पेक्शनला जायचे तर मागची फाईल वाचून जावे, अशी आमच्या खात्याची शिकवण. म्हणून खलाशी आणि दारू या विषयावर वाचनालयात आणि मोबाइलवर मिळेल ते वाचून काढले. दोन-तीन आठवडे जेवताना मी तेच बोलत होतो. सौभाग्यवतींनी शेवटी विचारले, ''तुम्ही त्याची चौकशी करायला चाललात की सोबत द्यायला?'' पण वाचता वाचता एक गोष्ट मात्र लक्षात आली. ही थकबाकी भाच्याच्या नावावरची नव्हती. ती चारशे वर्षांची होती.

तिची पहिली नोंद आपल्याच बाजूच्या किनाऱ्यावर सापडते. १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेला इंग्रजांच्या वखारीत पाहुणा होता. तिथे साहेब लोक काय पितात हे त्याने लिहून ठेवले: दारूचा अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पेयाचे नाव त्याने 'पालेपुंट्झ' असे काहीतरी ऐकले. जाणकार म्हणतात की हा 'पंच'. पुढे १६७३ साली इकडे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने खुलासा केला की पंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेतले पाच, कारण त्यात जिन्नस पाच असतात. काही पंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, पण मला ती मान्य करायला काहीच अडचण दिसत नाही. आपण पाच जिन्नस एकत्र करून पंचामृत केले आणि देवाला दिले. त्यांनी पाच एकत्र केले आणि स्वतः घेतले. साखर दोन्हीकडे सारखीच.

फक्त हिशेब जुळेना. मांडेल्स्लोची यादी मी तीनदा टॅली केली आणि तिन्ही वेळा जिन्नस चारच भरले. शेवटी माझा निष्कर्ष असा, की पाचवे पाणी असावे आणि ते हिशेबात धरायची पद्धत नसावी. आमच्याकडचे दूधवालेही धरत नाहीत.

इंग्रजांना मुंबई आंदण मिळाली ती १६६१ च्या लग्नाच्या करारात. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. आजच्या मुंबईत दहा पौंडांत काय मिळते ते मी पुढे सांगणारच आहे. बेटावर माडांची गर्दी होती आणि ताडी काढणारे भंडारी होते. त्या ताडीपासून अर्क निघे. त्यामुळे पंचाला लागणारा मुख्य जिन्नस दारातच होता, आणि पंच पाजणारी घरे निघायला उशीर लागला नाही. ओव्हिंग्टन नावाचा एक पाद्री १६८९ मध्ये मुंबईत होता. दोन पावसाळे म्हणजे मुंबईत माणसाचे आयुष्य, अशी तिथली म्हण त्याने नोंदवून ठेवली आहे. ज्याला दोनच पावसाळे मिळायचे, त्याला कोणी पंधरा वर्षांचे आवर्ती खाते उघड असे सांगितले तर तो उघडील काय?

इथवर वाचून मी पुस्तक मिटणार होतो. पंच सुरतेचा, मुंबई कंपनीची आणि खलाशी विलायतेचा, मग घाटंजीने त्यात लक्ष घालायचे कारण काय? पण कारण निघाले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला. विलायतेतल्या गिरण्यांनी मग आपल्याकडे तोंड वळवले. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरावती' या नावाने पुकारला जाऊ लागला. हे गाठोडे मुंबईत कुठे उतरत असे? तर कुलाब्याला. तिथे १८४४ पासून कापसाचा बाजार भरत होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आगबोटी वाढल्या, आणि बोटी वाढल्या म्हणजे खलाशी वाढले. तेव्हा कुलाब्याच्या गुत्त्यात जो गोरा खलाशी रात्री झिंगून पडे, तो सकाळी आमच्याच काळ्या मातीतल्या गाठी बोटीत रचत असे. हे कळल्यावर मला त्याच्याविषयी गावच्या जावयासारखा जिव्हाळा वाटू लागला.

आणि त्याच्या पगाराचा हिशेब वाचल्यावर तर डोळ्यांत पाणी यायचेच बाकी राहिले. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हा प्रांत माझा आहे. बी. कॉम.ला हुंडी वटवणे या प्रकरणावर मला अठरा गुण होते.

इंग्रजी बोटीवरच्या खलाशाला नोकरी पत्करताना आगाऊ पगाराची एक चिठ्ठी मिळे. पण रोख नाही! खलाशी खरोखर बोटीवर चढला आणि बोट बंदराबाहेर पडली, की मग काही दिवसांनी ती चिठ्ठी वटणार. म्हणजे ज्या दिवशी पैसे मिळणार, त्या दिवशी पैशांचा मालक समुद्रावर. मग त्याने किनाऱ्यावरची उधारी फेडावी कशी, बूट घ्यावेत कशाने? तेव्हा तो ती चिठ्ठी गुत्तेवाल्याला विकी. गुत्तेवाला घसघशीत कसर कापून घेई, उरलेल्यातली निम्मी रक्कम दारूच्या रूपाने देई आणि ती दारू उतरायच्या आत माणसाला बोटीवर नेऊन टाकी. कारण माणूस चढला नाही तर चिठ्ठी बुडाली! त्यामुळे खलाशाला वेळेवर कामावर पोचवण्याची काळजी त्याच्या मालकापेक्षा गुत्तेवाल्यालाच जास्त. अखेर १८८० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून ही चिठ्ठी बंद केली.

हे वाचून मला आमच्या काउंटरवरचा नोव्हेंबर महिना आठवला. कापसाचे पैसे खात्यावर येतात ते वर्षातून एकदा, आणि ते येतील या भरवशावर माणूस जूनपासून उचल करत आलेला असतो. बियाणेवाला, औषधवाला, सावकार, मुलीच्या लग्नातला मंडपवाला, सगळ्यांच्या चिठ्ठ्या आधीच फाटलेल्या. पैसे काढून माणूस बाहेर पडला की दारात उभे राहिलेले चेहरे मी काचेतून पाहतो. त्यांत बहुधा एका कोपऱ्यात त्याची बायकोही असते. ती आत येत नाही, पण नोटा मोजून होईपर्यंत हलतही नाही. देशी दारूचे दुकान नेमके बाजाराच्या तोंडाशी का असते याचे उत्तर मला सुरतेत आणि कुलाब्यात सापडले. आणि दुसऱ्याला तरी नावे कशी ठेवू? त्या रांगेत सर्वांत पुढे, वसुलीचा कागद हातात घेऊन आमची बँकच उभी असते.

असो. एवढी फाईल डोक्यात घेऊन मी धामणगावला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. ही इमारत बांधणारा स्टीव्हन्स. पण त्याआधी त्याने मुंबईत आणखी एक इमारत उभी केली होती, आणि मला पाहायची होती ती तीच. खलाशांना गुत्तेवाल्यांच्या तावडीतून सोडवावे म्हणून पालवा बंदराजवळ सेलर्स होम काढायचे ठरले. साहेब बंदराला 'अपोलो' म्हणत. आपला पालवा त्यांच्या तोंडात गेला आणि ग्रीक देव होऊन बाहेर आला. १८७० मध्ये राणीच्या मुलाच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८७६ मध्ये काम पुरे झाले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. खलाशाला स्वच्छ अंथरूण आणि धड जेवण मिळाले तर तो गुत्त्याकडे वळणार नाही, अशी कल्पना. दर्शनी भागी समुद्राचा देव कोरून बसवला आहे.

ही सोय होती मुख्यतः गोऱ्या खलाशांची. बोटीच्या पोटात कोळसा मारणारे रत्नागिरीकडचे खलाशी आणि भटारखाना सांभाळणारे गोवेकर यांनी आपली सोय आपण पाहिली. गोवेकरांच्या 'कुडी' धोबीतलावाच्या बाजूला अजून आहेत. एकेका गावाची एकेक कूड. खलाशाने आपली ट्रंक तिथे ठेवायची, बोट मिळेपर्यंत राहायचे, भाडे नाममात्र, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला उभे राहायचे. राजपुत्राच्या कोनशिलेवाचून चाललेली ही संस्था मला त्या दगडी होमपेक्षा शहाणी वाटते. तिथे माणसाला गाव भेटत होते.

सेलर्स होमचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १९२८ मध्ये सरकारने ती इमारत कायदेमंडळासाठी घेतली. म्हणजे जिथे पूर्वी समुद्रावरून आलेली, डोलणारी मंडळी विसावत, तिथे आमदार बसू लागले. (या वाक्यात दुसरा कोणताही अर्थ नाही.) आणि याच कायदेमंडळाने १९४९ साली दारूबंदीचा कायदा मंजूर केला! ६ एप्रिल १९५० पासून मुंबईत संपूर्ण दारूबंदी झाली. तीनशे वर्षांची थकबाकी एका ठरावाने निर्लेखित. पण थकबाकी निर्लेखित केली म्हणून कर्जदार काही नाहीसा होत नाही. ज्याला प्रकृतीसाठी दारू हवी त्याने डॉक्टरचा दाखला आणून परवाना घ्यायचा, अशी तरतूद होती. त्यामुळे बघता बघता मुंबईतल्या सुखवस्तू माणसांच्या प्रकृती खालावल्या. ज्यांना दाखला परवडत नव्हता ते गल्लीबोळांतल्या आंटीकडे गेले. पुढे बंदी सैल झाली, तरी 'परमिट रूम' ही पाटी राहिलीच. आणि महाराष्ट्रात आजही प्यायला कागदोपत्री परवाना लागतो.

१९८१ मध्ये विधिमंडळ नरिमन पॉइंटला गेले. जुन्या इमारतीत राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आले. मी समोरच्या पदपथावर उभा राहून वरचा समुद्रदेव न्याहाळत होतो. एका शिपायाने जवळ येऊन विचारले, ''काय काम आहे?'' मी म्हटले, ''काही नाही, इतिहास पाहतोय.'' तो म्हणाला, ''पुढे होऊन बघा.'' मी पुढे झालो.

भाचा मला लिओपोल्डपाशी भेटला. मीच सांगितले होते, की खलाशी जिथे बसतात तिथे मला ने. पालवा बंदरापासून चार पावलांवरचे, कुलाबा कॉजवेवरचे हे ठिकाण. १८७१ साली इराण्यांनी इथे गोड्या तेलाचे दुकान काढले होते. तेलाचे हॉटेल झाले आणि हॉटेलात पुढे बिअर आली. आत पाय टाकला तर काय गलबला! पंखे, आरसे, टेबलाला टेबल लागलेले, आठ-दहा भाषांचा कालवा आणि मोठमोठ्या नळकांड्यांतून बिअर. वाघाडीच्या पुलावरच्या बाजाराला कोणी छप्पर घातले तर असेच दिसेल. भिंतीवर आणि काचेवर मात्र गोळ्यांची भोके राखून ठेवली आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथे जेवणारी माणसे मारली गेली. मारणारेही समुद्रातूनच आले होते. चार दिवसांनी हॉटेल पुन्हा उघडले. मी बसलो ते त्या भोकांकडे तोंड करून, आणि पहिली पाच मिनिटे मला काही सुचले नाही.

वेटर आला. इन्स्पेक्टरच्या नजरेने मी भाच्याकडे पाहिले.

''फ्रेश लाइम सोडा. खारा,'' तो म्हणाला. ''मामा, तुम्ही?''

आता समोरच्याने लिंबू-सोडा मागवल्यावर आपणही तोच मागवला तर पाहणी कसली? त्याला मोकळे वाटावे, एवढ्याच शुद्ध हेतूने मी एक बिअर मागवली. शिवाय परवान्याचा फॉर्म मागितला. फॉर्म भरल्याशिवाय घेतलेली कोणतीच गोष्ट मला पचत नाही. वेटरने माझ्याकडे दयेने पाहिले आणि बिअर आणली. तिची किंमत, कंपनीने दिलेल्या भाड्याच्या मानाने सांगायची तर, चार-दोन बिअरमध्ये मुंबई बेटाचे वर्षाचे भाडे सुटले असते.

''यात खलाशी कोणते?'' मी हळूच विचारले.

तो हसला. ''एक मी.''

मग त्याने सांगितले. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर झाले आणि मोठ्या कंटेनर बोटी तिकडे गेल्या. पूर्वी बोट माल चढवायला-उतरवायला आठवडा-आठवडा धक्क्याला असे. आता यंत्रे ते काम काही तासांत करतात. एवढ्या मोठ्या बोटीवर माणसे वीस-पंचवीस. त्यांनी उतरायचे कधी, गावात यायचे कधी आणि प्यायचे कधी? त्याच्या कंपनीच्या बोटीवर दारू अजिबात नाही, केव्हाही तोंडाशी यंत्र धरून तपासतात. जगातली चाळीस बंदरे त्याने पाहिली होती. म्हणजे क्रेन पाहिल्या होत्या.

म्हणजे आमची सारी फाईलच निकालात! बडोद्याच्या महाराजांच्या देणगीला जमले नाही, १९४९ च्या कायद्याला जमले नाही, ते क्रेनने करून दाखवले. खलाशाचा गुत्ता सुटला. त्याबरोबर त्याचा किनाराही सुटला, हे मला बिअरचा तिसरा घोट घेताना उमगले.

''मग घरी का राहत नाहीस?'' मी विचारले.

त्याने बराच वेळ काडीने लिंबाची बी काढली. मग म्हणाला, ''मामा, त्या दिवशी पाऊस होता का?''

कोणत्या दिवशी ते मी विचारले नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये भाऊजी गेले, हृदयविकाराने. भाच्याचा करार एप्रिलमध्ये संपला होता, पण साथीमुळे बंदरे माणसे उतरवून घेत नव्हती. जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी असे अडकून पडले होते, त्यांत हा एक. तो डिसेंबरात उतरला. अग्नी मी दिला.

''होता,'' मी म्हटले. ''लाकडं ओली होती. वीसच माणसं. आणखी दोघं पुलावर उभी होती, त्यांना मोजलं नाही.''

''आणि अस्थी?''

''तिथंच. वाघाडीत. कुठं जाणार होतो तेव्हा?''

''पाणी होतं?''

''पूर होता रे.''

त्याने टेबलावर बोटाने रेघ ओढली. सोड्याच्या ग्लासाखालचे पाणी होते, त्यात ती उमटली. ''वाघाडी पैनगंगेत,'' तो म्हणाला, ''पैनगंगा वर्धेत. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत. आणि गोदावरी आंध्रात समुद्राला.'' रेघ टेबलाच्या कडेला आली. ''फोन आला त्यानंतर तेरा-चौदा दिवसांनी आम्ही बंगालच्या उपसागरातून खाली चाललो होतो. किनारा दिसत नाही तिथून. मी नकाशावर पाहिलं, गोदावरीचं मुख आमच्या उजव्या अंगाला होतं. वॉच संपवून वर जाऊन उभा राहिलो. पोचले असतील का हो तोवर?''

मी हिशेब केला. दुसरे मला येते काय? पुराचे पाणी, मैलांचा आकडा, मध्ये धरणे-बंधारे. खरे सांगायचे तर आकडा काही बसत नव्हता. पण काउंटरवर माणूस उभा असतो आणि त्याला होय किंवा नाही यांपैकी एकच उत्तर लागते.

''तेवढ्यात चेकसुद्धा वटतो,'' मी म्हटले. ''पोचले असतील.''

तो मान डोलावून गप्प राहिला. मग त्याने वेटरला बोलावून मामांसाठी खायला मागवले, आणि पुढचा तासभर आम्ही ताईच्या घराच्या गळक्या पत्र्यांविषयी बोललो. बिल त्यानेच दिले, आगाऊ चिठ्ठीवर नव्हे, कार्डावर. बोटीवर चढायच्या आधी आठ दिवस घरी येऊन पत्रे बदलून टाकतो, असे त्याने आपणहून सांगितले.

परतीच्या गाडीत ताईचा फोन आला. मी सविस्तर अहवाल दिला. पोरगा खंगलेला नाही, पुढल्या आठवड्यात येतो आहे, पत्र्यांची मापे घेऊन ठेव.

''ते राहू दे. पितो का?''

''पितो. लिंबू-सोडा. खारा.''

पलीकडे ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम तिला संशय आला.

''आणि तू काय घेतलं रे तिथं?''

एवढ्यात कसाऱ्याचा घाट आला आणि, देवाची कृपा, रेंज गेली.